मागच्याला पुढे जाऊ द्यावं

१

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची लेबर डेची सुट्टी जवळ आली की लाहटिनेनांच्या स्वयंपाकघरातलं टेबल जेवणाच्या कामातून जायचं. बाबा त्यावर नकाशा अंथरायचा. कागदी, घड्यांवर फाटलेला, चिकटपट्ट्यांनी कसाबसा जगवलेला. त्यावर तो प्लॅस्टिकच्या छोट्या चकत्या मांडायचा. डिस्क गोल्फमध्ये आपली तबकडी जिथे पडेल तिथे खूण म्हणून ठेवतात त्या ह्या चकत्या; पण नकाशावर मात्र एक चकती म्हणजे एक मैदान. शनिवारी टॅमरॅक, रविवारी जुन्या दगडखाणीतलं, सोमवारी तळ्याकाठचं एक खेळून परत घरी.

“फोन पाच मिनिटांत सगळा रस्ता आखून देतो,” सिल्वी म्हणाली. “आणि तू आठवडाभर भूगोलाचा तास घेतोस.”

“मग फोनला विचार, टॅमरॅकच्या अलीकडे पेस्टी कुठे बरी मिळते.”

“विचारलं. चार ठिकाणं दाखवतोय.”

“चारही वाईट,” बाबा म्हणाला आणि चकती अर्धा बोट डावीकडे सरकवली.

हेल्मी आत्या, बाबाची थोरली बहीण, खिडकीपाशी विणत बसली होती. “भांडा. दरवर्षी भांडा. एखाद्या वर्षी भांडण व्हॅनमध्ये बसून जाईल आणि तुम्ही दोघं इथेच राहाल.”

कॉलेज संपवून सिल्वी उन्हाळ्यापुरती घरी आली होती आणि या दोन म्हाताऱ्यांच्या संथपणाने तिचं डोकं रोज एकदा तरी फिरायचं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून ती बाबाच्या तबकड्यांवरची पुसट अक्षरं मार्करने पुन्हा गिरवत होती. तबकडीच्या पोटावर नाव आणि फोन नंबर लिहायचा, ही या खेळाची रीत. रानात हरवलेली तबकडी ज्याला मिळते तो फोन करतो. जो करत नाही त्याला लोक चोर म्हणतात. बाबाने आयुष्यात मोबाइल घेतला नव्हता. त्यामुळे नाव आर्वोचं आणि नंबर सिल्वीचा, हे ती शाळेत असल्यापासून चालत आलेलं होतं.

शेवटची राहिली ती नारिंगी. बाबाची लाडकी, त्याच्या पुक्को कुत्र्याने किनारीला चावा घेतलेली. पुक्को जाऊन बरीच वर्षं झाली होती, दातांच्या खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. सिल्वी नंबरातला सात गिरवत असताना बाबाचं कोपर टेबलाला लागलं आणि सातावरची मधली आडवी रेघ घसरत पार किनारीपर्यंत गेली.

“बाबा!”

“असू दे. लांबून दिसेल.”

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

“आर्वोची तबकडी सापडलीय,” एक वयस्कर, नम्र आवाज म्हणाला. “नारिंगी. टॅमरॅकवर, पाण्याजवळच्या टोपलीमागे, लव्हाळ्यात. तुम्ही त्याच्या कोण?”

“मुलगी,” सिल्वी म्हणाली. खांद्याने फोन धरून ती मार्करचं टोपण शोधत होती. अशा फोनला द्यायचं उत्तर तिला झोपेतही आलं असतं. “फार आभारी आहे. टोपलीवर ठेवून द्या ना, आम्ही शनिवारी तिकडे येतोच आहोत.”

“ठेवतो. जरा वेळ लागेल, आमच्या मागे एकजण आहे. एकटाच. मघापासून हात करतोय त्याला, की बाबा रे, तू पुढे जा. येतच नाही. तबकडी फेकायच्या कट्ट्यावर उभाय नुसता.”

त्याच्यामागे साखळ्या वाजल्या. तबकडी टोपलीच्या साखळ्यांवर आदळून आत पडते तेव्हाचा तो खळ्ळ आवाज. फोन बंद झाला.

सिल्वीला टोपण सापडलं. ते लावता लावता तिची नजर खाली गेली. नारिंगी तबकडी तिच्यासमोर पालथी पडली होती आणि सातावरची रेघ अजून ओली होती.

२

कुणीतरी गंमत करतंय. दुसरं काय असणार? बाबाला आणि त्याच्या नारिंगी तबकडीला अर्धा जिल्हा ओळखत होता. तिने त्याच नंबरवर उलटा फोन लावला. चिडलं की तिला भीती वाटत नसे, म्हणून ती आधी मुद्दाम चिडली.

“बोला,” तोच आवाज.

“तबकडी अजून आहे हातात? मग सांगा, कशी दिसते.”

“आता काय सांगू? जुनी आहे. किनारीला कुत्र्याने चावलेलं दिसतं. शाई उडालीय, पण नंबर वाचता येतो. सातावरची रेघ मात्र पार कडेपर्यंत गेलीय. लिहिताना हात हलला असणार कुणाचातरी. बरेच महिने पाण्यात असावी.”

सिल्वीने बोट रेघेवर ठेवलं. बोटाला काळं लागलं.

“आणि तो मागचा माणूस?”

“आहे की. तसाच. आम्ही आवरतोच आता, बर्फ सुरू झालंय.”

खिडकीबाहेर ऑगस्टचं ऊन होतं. आत्याने पडदा अर्धा ओढला होता, डोळ्यांवर येतं म्हणून.

तिने सगळं सांगितलं तेव्हा बाबा मनापासून हसला. “बर्फ! म्हणजे तो टॅमरॅकवर नाही, दारूच्या गुत्त्यावर आहे.”

“त्याला रेघ माहिती होती. ती रेघ आत्ता पडली, बाबा. तुझ्यासमोर.”

“सगळेच सातावर रेघ मारतात.”

“आपल्या जुन्या देशाकडचे मारतात. इथले बाकी सगळे नाही मारत.”

“एवढी फी भरून पोरगी हे शिकून आली,” बाबा आत्याला म्हणाला. “सातावर संशोधन.”

आत्या हसली नाही. सुया थांबवून ती म्हणाली, “आर्वो, टॅमरॅकला यंदा डास फार आहेत म्हणे. कशाला जाता?”

डासांवर बाबाची श्रद्धा होती. त्याने ओठ चावत नकाशा पाहिला, टॅमरॅकवरची चकती उचलली आणि पश्चिमेला, सरोवरात घुसलेल्या जमिनीच्या एका चिंचोळ्या टोकावर ठेवली. हेरन पॉइंट. तिथे ते कधीच गेले नव्हते.

“झालं समाधान?”

सिल्वीला आपण जिंकल्यासारखं वाटलं.

३

मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या ओव्हनमधून बाहेर निघाल्या, ताटं मांड्यांवर आली आणि पहिला घास तोंडात असतानाच फोन वाजला. यावेळी बाईचा आवाज होता, तरुण, घाईतला. मागे लहान मूल रडत होतं.

“एक तबकडी मिळालीय हो आम्हाला. नारिंगी. आर्वो नाव आहे. आम्ही हेरन पॉइंटला—”

सिल्वीने फोन खाली आपटला नाही. का नाही आपटला ते तिला नंतरही कळलं नाही. ती उठून दारातल्या अंधाऱ्या बोळात गेली, जिथे बूट आणि बर्फाची फावडी ठेवलेली असत, आणि हलक्या आवाजात तिने विचारलं, “तुमच्या मागे कुणी आहे?”

“अय्या, हो. तुम्हाला कसं कळलं?” बाई हसली. “आमच्याबरोबर लेकरू आहे, आम्ही हळू खेळतो, म्हणून हात केला की तुम्ही जा पुढे. ह्यांनी तर टोपीसुद्धा हलवली. हलत नाही तो. कुणाची तरी वाट बघत असेल.”

“दिसतो कसा?”

“लांब आहे तसा.” तिचा आवाज जरा उतरला. “त्याच्याकडे बॅग नाही. हातातपण काही नाही. मग कट्ट्यावर कशाला उभाय, असं मी ह्यांना म्हटलंसुद्धा.”

“चेहरा?”

“तो पाठमोरा आहे... नाही, थांबा. पाठमोरा नाहीये.” मूल रडायचं एकदम थांबलं. “अहो, आपण निघू या,” बाई फोनपासून दूर कुणाला तरी म्हणाली. मग साखळ्या वाजल्या आणि मग काहीच नाही.

सिल्वी बुटांच्या फळीवर बसून राहिली. गंमत करणाऱ्याला टॅमरॅक माहीत असू शकतं. ते दरवर्षी तिथे जातात. पण हेरन पॉइंट? ते या घराबाहेर कुणालाही माहीत नव्हतं. ती चकती तिथे ठेवून तासही झाला नव्हता. या स्वयंपाकघरात बाबा होता, आत्या होती आणि ती होती.

आत बाबा आत्याला सांगत होता की सारणात रुटाबागाचा कंद कमी पडला, आपल्या आईच्या हातची चव नाही. रोजचाच आवाज, रोजचीच तक्रार. तो ऐकता ऐकता तिच्या मनात एक साधी गोष्ट आली. त्या नारिंगी तबकडीसाठी बाबा एकदा एप्रिलच्या पाण्यात गळ्यापर्यंत उतरला होता. एकदा अंधार पडेपर्यंत काटेरी झुडपांत सरपटला होता. ती रानात टाकून बाबा घरी आला, असं कधी झालं नव्हतं. होणारही नव्हतं.

मग ती महिनोन्महिने लव्हाळ्यात पडून राहिली असेल, तर बाबा कुठे होता?

४

तिसरा फोन बाबानेच घेतला. शुक्रवारी सकाळी सिल्वी अंगणात व्हॅनमधलं सामान परत बाहेर काढत होती. ते बाबाने पुन्हा आत भरू नये म्हणून ती ते खालच्या कोठीत टाकणार होती. फोन टेबलावर राहिला होता. ती आत आली तेव्हा बाबा खुर्चीत मागे रेलून कुणा जुन्या मित्राशी बोलावं तसा बोलत होता.

“खाणीतल्या मैदानावर का? हो, मीच आर्वो... नाही हो, माझी इथे घरी आहे, तशीच दुसरी असेल... एकटाच? मग जाऊ द्या ना त्याला पुढे... अरेच्चा. मोठ्याने हाक मारा. काहींना ऐकू कमी येतं... नाही? मी असतो तर आणला असता.”

तिने त्याच्या हातातून फोन ओढून घेतला. समोरून आता फक्त वारा ऐकू येत होता.

“भला माणूस होता,” बाबा म्हणाला. “हल्ली कोण एवढा फोन करतं?”

“आपण जात नाहीये.”

“सिल्वी—”

“कुठेच जात नाहीये. टॅमरॅक नाही, खाण नाही, काही नाही. तिन्ही ठिकाणी तुझी तबकडी आहे आणि तिन्ही ठिकाणी तो आहे, आणि तुला त्यात भला माणूस दिसतो?”

“एक माणूस कट्ट्यावर उभा राहतो. त्यात भ्यायचं काय?” बाबाचा आवाज चढला. “मला माझ्या वडिलांनी शिकवलं, मागच्याला पुढे जाऊ द्यावं. आपण बाजूला व्हायचं, हात करायचा, तो खेळून पुढे गेला की आपण आपलं खेळायचं. तो येत नाही म्हणजे त्याला कुणी नीट बोलावलं नसेल.”

“तू बोलावू नकोस त्याला!”

ती एवढ्या जोरात ओरडली की आत्या बाहेरच्या खोलीतून धावत आली. सिल्वीला पुढे बोलायचं होतं. मुद्दे तयार होते, एकाखाली एक. त्याऐवजी ती रडायला लागली. ती कधीच रडायची नाही. हट्टी, तोंडाळ, कुणाचं न ऐकणारी मुलगी. बाबाने तिला असं शेवटचं पाहिलं होतं ते पुक्कोला पुरताना.

“मला एकच बाप आहे,” ती म्हणाली. “तो मला रानात नाही सोडायचा.”

आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि भावाकडे पाहिलं. “आर्वो. पोर काय मागतेय? एक सुट्टी.”

बाबाने नकाशावरच्या चकत्या एकेक करून उचलल्या, रागारागाने, खिशात कोंबल्या. शेवटची हातात राहिली.

“घरी बस म्हणता ना?” त्याने ती चकती टेबलावर ठोकली. “हे घ्या. हे माझं मैदान. बसतो घरी. झालात खूश?”

सिल्वीने डोळे पुसले आणि हो म्हणून मान हलवली. ती खरंच खूश होती.

५

शनिवारी फोन वाजला नाही. सकाळभर नाही, दुपारभर नाही. सिल्वी तो खिशात घेऊन फिरली, नळाशी, कोठीत, पोस्टाच्या पेटीपर्यंत. दर थोड्या वेळाने काढून बघायची. काचेवर तिचाच चेहरा दिसायचा. हळूहळू तिला भूक लागली. हळूहळू लाजही वाटायला लागली. बाबाची वर्षाची एकुलती एक सहल आपण बुडवली. कशासाठी, तर दोन-तीन टवाळ माणसांसाठी?

घरात वेलदोड्याचा वास होता. आत्याने निसू भाजून ठेवला होता, त्या गोड पावाने बाबाचा रुसवा जातो म्हणून, आणि आता ती वाफेच्या अंघोळीसाठी सौना तापवायला मागच्या लाकडी खोपटात गेली होती. बाबा दुपारपासून घरामागच्या गवतात होता. तिथे त्याने जुन्या सायकलींच्या साखळ्या जोडून स्वतःची टोपली उभारली होती. तो एकटाच तबकड्या फेकत होता. एक आवाज, मग थोडी शांतता, गवतातून चालण्याची सळसळ, पुन्हा आवाज. खळ्ळ. रुसलेला माणूससुद्धा इतक्या नियमाने फेकू शकतो, याचं सिल्वीला हसू आलं.

चला, आता तरी टेबलावर जेवू, असं म्हणत तिने नकाशाची घडी घालायला घेतली. एक कोपरा उचलला. काहीच घसरलं नाही. घसरायला हवं होतं. बाबाने शेवटची चकती टेबलावर ठोकली होती ना?

टेबलावर नव्हती ठोकली. नकाशावर ठोकली होती. फाटक्या घडीवर वर्षांपूर्वी चिकटपट्टी लावलेली, तिच्या उलटलेल्या चिकट कडेला ती घट्ट बसली होती. सिल्वीने खाली वाकून पाहिलं. चकतीखाली एक गाव होतं. गावातून उत्तरेकडे जाणारा रस्ता होता, आणि रस्ता संपतो तिथे, चकतीच्या बरोबर मधोमध, त्यांचं घर.

हे माझं मैदान.

तिने ती नखाने उपटली. नख मोडलं. चकती निघाली, पण तिला कळत होतं की हे आता करून उपयोग नाही. टॅमरॅकवरची चकती उचलल्यानंतरसुद्धा तो फोनवरचा म्हातारा टॅमरॅकवर तसाच असेल, लव्हाळ्याशी, बर्फात, मागे बघत.

साखळ्या वाजायच्या थांबल्या होत्या. कधी थांबल्या?

ती खिडकीशी गेली. ऊन तिरपं झालं होतं आणि गवत सोनेरी दिसत होतं. बाबा टोपलीच्या अलीकडे उभा होता, घराकडे पाठ करून, रिकाम्या हातांनी. नारिंगी तबकडी कुठेच दिसत नव्हती. तो तीच शोधत असावा. मग काहीतरी जाणवल्यासारखा तो वळला आणि गवताच्या दुसऱ्या टोकाकडे बघू लागला, जिथे देवदारांची काळी रांग सुरू होते. त्या रांगेच्या पुढे, बाबाने फेकण्यासाठी दोन फळ्या ठोकून केलेल्या कट्ट्यावर, कुणीतरी उभं होतं.

हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. हातांत काही नव्हतं.

सिल्वीने खिडकी वर ढकलली. उन्हाळ्यात फुगलेलं लाकूड अडकलं. “बाबा!” काच थरथरली. “बाबा, नको!”

बाबाने ऐकलं नाही. किंवा ऐकलं आणि त्याला वाटलं, जेवायला बोलावतेय. त्याने टोपी काढली. तो दोन पावलं बाजूला झाला, वाट मोकळी केली, आणि जन्मभर प्रत्येक मैदानावर करत आला होता तसा, नीट, भरघोस, कोपरापासून हात हलवला. ये. जा पुढे.

खिशात फोन वाजत होता. तिने तो कानाला कसा लावला, कुणास ठाऊक. सवयीने लावला असेल.

“मुलगी ना तुम्ही?” तोच म्हातारा, तोच नम्र आवाज, मात्र आता त्यात केवढी तरी सुटका होती. “म्हटलं कळवावं तुम्हाला. तो गेला हो आमच्या मागून. इतका वेळ आम्ही हात करत होतो तर ढिम्म हलला नाही, आणि आत्ता एकदम निघाला. कुणीतरी बोलावलं वाटतं त्याला.”

बाहेर गवत वाकत होतं, कट्ट्यापासून बाबापर्यंत एक सरळ रेघ. बाबा अजून टोपी छातीशी धरून, हसऱ्या तोंडाने, बाजूला उभा होता. मग त्याचं हसू थांबलं. आपल्या ओळखीचं कुणी आहे का, असं बघावं तसा तो किंचित पुढे वाकला.

खळ्ळ करून साखळ्या वाजल्या. आधी अंगणात, आणि मग फोनमध्ये.